घाटातला ट्रक आणि दोन प्रोसेसर

सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुकानात मी कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम करत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतलं एक ड्रॉइंग ऑफिस बंद पडलं आणि तिथला सगळा माल आमच्या मालकांनी उचलून आणला. खुर्च्या, नकाशे काढायचा प्लॉटर, टेबलं यांच्याबरोबर एक भलामोठा कॉम्प्युटरही आला. मी त्याचं झाकण काढलं आणि बघतच राहिले. एकाच मदरबोर्डवर शेजारी शेजारी दोन प्रोसेसर बसवलेले होते.

आज खिशातल्या फोनमध्येही एका चिपवर चार-आठ कोअर, म्हणजे तेवढे प्रोसेसरच, असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. त्या वेळी मी तसलं यंत्र फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलं होतं. गिऱ्हाइकं यायची, आत डोकवायची, "म्हणजे डबल स्पीड ना?" असं विचारायची आणि दुसरंच काहीतरी घेऊन जायची. कारण त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या कामाची होती, आणि दुकानदारांचे बिलं काढायचे साधे प्रोग्रॅम तिच्यावर धड चालत नव्हते. यंत्र धूळ खात पडलं. शेवटी मालकच एकदा म्हणाले, "तुमच्या भावासाठी घेऊन जा ओ. इथं नुसती जागा अडलीय."

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव कऱ्हाडपासून आत, कृष्णेकाठचं. घरचा ऊस होता, पण गावातल्या निम्म्या घरांतला एकेक जण फौजेत, तसा आमचा दादाही गेला. तिथं तो ट्रक चालवायचा. उत्तरेकडच्या डोंगरात रसद पोचवणाऱ्या गाड्यांच्या ओळीत त्याची गाडी असायची. एका सकाळी वळणावर ती गाडी रस्ता सोडून खाली गेली. दादाच्या शेजारी बसलेला दुसरा ड्रायव्हर जागीच गेला. दादाचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. चौकशी झाली. दादाची काही चूक नाही असा निकाल लागला, पेन्शन बसली आणि तो घरी आला.

घरी आला तो बोलायचाच बंद झाला. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. पुण्याहून मिळालेला लाकडी पाय बरेच वेळा भिंतीला टेकवलेला असायचा आणि तो सोप्यात बाजेवर बसून असायचा. शेताचं सगळं वहिनी बघायची. आईनं एकदा नुसतं म्हटलं, "त्या मेलेल्या पोराच्या घरला एकदा जाऊन यायला पायजे रं," तर दादा उठला आणि कुबडी घेऊन गोठ्याकडं निघून गेला. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

मी दर शनिवारी एसटीनं गावी जायचे. मला वाटायचं, त्याला काहीतरी काम हवं. टायपिंग शिकला, हिशोबाचा एखादा प्रोग्रॅम शिकला, तर गावच्या दूध डेअरीत बसता येईल. म्हणून मालकांनी तसं म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. ओळखीच्या टेम्पोतून यंत्र गावाला नेलं आणि सोप्यातल्या कोपऱ्यात मांडलं. दादा माझं मन राखायला म्हणून चार दिवस टायपिंग शिकला. मग कीबोर्डवर वहिनीनं फडकं पांघरलं ते तसंच राहिलं.

एका रविवारी सकाळी मी सीडी ड्राइव्ह नीट चालतोय का ते बघत होते. हाताशी कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली एक सीडी होती. तिच्यात गेमचे नमुने होते, म्हणजे पूर्ण गेम नाही, एखादा टप्पा खेळून बघता येईल एवढाच तुकडा. यादी पडद्यावर आली. दादा बाजेवरून बघत होता हे मला माहीत नव्हतं.

"त्यो ट्रकचा लाव," तो म्हणाला.

उंबऱ्यात वहिनी तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. मी मागं वळून दादाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी गेम लावला आणि खुर्ची त्याला दिली. बाणांच्या बटणांनी वळायचं, हे पुढं जायचं, हा ब्रेक, असं दाखवलं.

"हॉर्न कुठला?"

हॉर्नचंही बटण होतं. दादानं ते एकदा दाबून बघितलं आणि गाडी सोडली.

डोंगराच्या कडेनं जाणारा रस्ता होता. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. आताच्या मानानं ते चित्र अगदी ओबडधोबड होतं, पण त्या वेळी आम्हांला खरं वाटायचं. माझ्याबरोबर काम करणारी मुलं तो गेम खेळताना गाडी नुसती पळवायची. दादा मात्र खऱ्या घाटात चालवावी तशी चालवत होता. वळण आलं की वेग कमी करून हॉर्न द्यायचा, आतल्या अंगानं गाडी काढायचा. दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणावर ट्रक अचानक जागच्या जागी थबकला, जरासा मागं गेल्यासारखा झाला आणि मग उडी मारल्यासारखा पुढं गेला तो थेट कठड्याबाहेर. पडद्यावर आभाळ, दगड, आभाळ असं फिरत राहिलं.

दादाचं बोट अजून ब्रेकच्या बटणावर होतं.

"बंद करा वो ते," वहिनी म्हणाली. मी स्विचकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. कुबडी घेतली आणि गोठ्याकडं गेला. मी तो गेम काढून टाकायला बसले. तेवढ्यात कुबडीचा आवाज परत आला.

"का झालं तसं?" त्यानं विचारलं.

"मशीनला झेपत नसंल. गेम जड असत्यात. काढून टाकते मी."

"काढू नगंस. का झालं ते हुडक."

घरी आल्यापासून दोन वर्षांत त्यानं माझ्याकडं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी यंत्र उघडलं.

त्यानंतरचे सगळे रविवार त्यातच गेले. आधी मला वाटलं, दोष ग्राफिक्स कार्डाचा. ड्रॉइंग ऑफिसातलं कार्ड नकाशे काढायला चांगलं, गेमला नाही. दुकानातून दुसरं कार्ड आणून बसवलं. चित्र सुधारलं, रंग खुलले, पण ट्रक तसाच अडकला आणि तसाच उडाला. मग मेमरी वाढवली. मग पंखे काढून साफ केले, प्रोसेसरवरची धूळ झटकली, तापून अडकत असेल म्हणून झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला. गावात विजेचा दाब कमी-जास्त व्हायचा, म्हणून दुकानातला चांगला स्टॅबिलायझर नेऊन बघितला. काही फरक पडला नाही. पुण्यात नोकरीला लागलेल्या एका वर्गमैत्रिणीला एसटीडी बूथवरून फोन लावला. ती म्हणाली, "गेम एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेले असतात गं. दुसरा असला काय, नसला काय, सारखंच." तिचं बरोबर होतं, पण दुसऱ्याचा उपयोग नसेल तर वेग वाढणार नाही एवढंच व्हायला हवं होतं. ट्रक दरीत जायचं काय कारण?

मी यंत्र उघडून बसले की दादा जवळ येऊन बसायचा. स्क्रू हातात धरायचा. हळूहळू तो विचारू लागला, हे काय, ते कशाला. मी एकेक भाग बदलला की तो गेम लावायचा आणि परत तोच रस्ता चालवायचा. मला बघवत नसे. मी म्हणाले, "दादा, मी चालवून बघते की. तू कशाला?"

"मलाच चालवू दे," तो म्हणाला. "तुला कळायचं न्हाई कुठं हिसका बसतोय त्ये."

आणि एकदा तो म्हणाला, "एक सांगू? वळणाचा दोष न्हाई. आज सरळ रस्त्यावरबी अडाकलं. आनि नुसतं अडकत न्हाई, आधी मागं सरतंय. गाडी बंद पडली तर जागंवर थांबती. मागं कशी जाईल?"

मलाही ते दिसत होतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता. यंत्र हळू असेल तर चित्र अडकत अडकत पुढं जाईल. मागं जाणार नाही. गेम किती वेळ गेला ते बघून गाडी तेवढी पुढं सरकवतो, म्हणजे गाडी मागं जायची तर वेळच मागं गेली पाहिजे. सांगलीला परत जाताना एसटीत मी तेवढाच विचार करत होते, आणि आष्ट्याच्या आसपास कधीतरी माझ्या लक्षात आलं की वेळ मोजायचं काम प्रोसेसरच करतो, आणि आपल्याकडं प्रोसेसर दोन आहेत.

प्रत्येक प्रोसेसरच्या आत एक मोजणी चालू असते. यंत्र सुरू झाल्यापासून किती ठोके पडले, ते तो मोजत राहतो. दोन प्रोसेसरांची मोजणी सारखीच असेल असं नाही. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र दोघांना सारखं काम मिळावं म्हणून एकच गेम कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं सोपवते. गेमनं एकाला वेळ विचारली आणि पुढच्या क्षणी दुसऱ्याला विचारली, तर दुसरा आधीची वेळ सांगू शकतो. मग गेमला वाटतं, काळ उलटा गेला. ट्रक मागं सरतो. पुन्हा पहिल्याकडं काम आलं की मधला सगळा काळ एकदम भरून निघतो आणि ट्रक उडी मारतो.

हे खरं की नाही, ते तपासणं सोपं होतं. पुढच्या रविवारी मी एक प्रोसेसर काढून घेतला आणि रिकाम्या खाचेत बसवायचं डमी कार्ड दुकानातून नेलं होतं ते घातलं. दादानं गेम लावला. ट्रक पाण्यासारखा गेला. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. दादानं मध्येच थांबवलं.

"म्हंजी काढलेला त्यो खराब."

"थांब," म्हणून मी आतला काढला आणि आधी काढलेला बसवला. पुन्हा गेम लावला. तरीही ट्रक पाण्यासारखाच गेला.

"ह्योबी चांगला?" दादानं विचारलं.

"व्हय."

"दोघंबी चांगलं. मग दोष कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई," मी म्हणाले. "दोघांची घड्याळं जुळत न्हाईत, एवढंच. आनि ज्यानं गेम लिहिला त्याला दोन प्रोसेसरचं मशीन ठावं नसणार. त्यानं चूक केली असंबी म्हणता यायचं न्हाई."

दादानं खुर्ची जरा मागं सरकवली. वहिनी चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तिथंच उभी राहिली, कारण दादा बोलायला लागला होता.

"चौकशीला मला विचारलं, ब्रेक कसा हुता? म्हनलं, चांगला. स्टेरिंग? चांगलं. रस्ता खचला हुता का? न्हाई, म्हागनं दुसऱ्या गाड्या त्याच वळणानं गेल्या. झोपला हुतास? न्हाई. प्याला हुतास? न्हाई. पुढं कोन आडवं आलं? कोनबी न्हाई. सगळं चांगलं, तर गाडी गेली कशी? साहेबांनी लिवलं, अपघात. मला म्हनाले, तुझी चूक न्हाई. पर चूक कुनाची त्ये कुनीच सांगितलं न्हाई. मी रोज बसून त्येच हुडकतोय. एक वळन, हजार बारी."

वहिनीनं कप खाली ठेवला आणि त्याच्या जवळ जमिनीवर बसली. एवढं बोलताना आम्ही त्याला त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं. माझ्या मांडीवर तो काढलेला प्रोसेसर होता, मी तो परत खाचेत बसवला आणि झाकण लावलं.

एवढं मोठं यंत्र अर्धं करून ठेवायची गरज नव्हती. कुठला प्रोग्रॅम कुठल्या प्रोसेसरवर चालवायचा, हे बांधून द्यायची सोय त्या सिस्टिमच्या टास्क मॅनेजरमध्ये होती. मी मासिकातून ती शोधून ठेवली होती. दादाला दाखवलं. गेम सुरू करायचा, मग इथं येऊन दोघांतल्या एकाची खूण काढायची. ते दरवेळी नव्यानं करावं लागायचं. दादा ते शिकला. त्या दुपारी वीज गेली नाही आणि तो पूर्ण रस्ता चालवून गेला. नमुन्याचा गेम असल्यानं शेवटी एक फाटक होतं आणि तिथं इंग्रजीत लिहून यायचं की पुढचा रस्ता हवा असेल तर गेम विकत घ्या. फाटकापाशी त्यानं ट्रक थांबवला. टाळ्या, हसणं असलं काही झालं नाही. त्यानं बटणांवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

जेवताना तो म्हणाला, "म्हसवडला जायाचं हाय. तू येतीस?"

कशाला, असं आम्ही कुणीच विचारलं नाही. त्याच्या शेजारी बसलेला तो ड्रायव्हर माण तालुक्यातला, म्हसवडजवळच्या वस्तीवरचा होता.

पुढच्या रविवारी दादा, वहिनी आणि मी एसटीनं निघालो. ऊस मागं पडला, मग झाडंही विरळ झाली. म्हसवडपासून वस्तीपर्यंत एका दुधाच्या गाडीनं सोडलं. पत्र्याचं घर होतं, समोर काट्यांचं कुंपण घातलेला वाडगा आणि त्यात चार-पाच शेळ्या. त्या ड्रायव्हरचे वडील, म्हातारे बाबा, बाभळीखाली दोर वळत बसले होते. दादाच्या कुबडीकडं त्यांनी बघितलं आणि दोर खाली ठेवला.

"तू ड्रायव्हर न्हवं?"

"व्हय, बाबा."

"बस."

त्यांनी आत बघून पाणी सांगितलं. एक मुलगी पाणी देऊन गेली. आतून बाईमाणसाचं खोकणं ऐकू आलं, पण कुणी बाहेर आलं नाही. बाबा म्हणाले, धाकटा मुलगा मुंबईला असतो, पाणी देऊन गेली ती त्याची बायको. मग पाऊस नाही, चारा नाही असं थोडं बोलणं झालं. मग तेही संपलं. मला वाटलं, दादा आता काही न बोलताच उठेल.

बाबांनीच विचारलं, "त्यो झोपला हुता का जागा?"

"जागा हुता," दादा म्हणाला. "घरनं आलेल्या शेंगा हुत्या. फोडून फोडून माझ्या हातावर दानं ठेवत हुता. मला म्हनला, खा, न्हाईतर वर पोचस्तवर मीच संपवीन."

आतलं खोकणं थांबलं. दाराशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हात चौकटीवर. "त्या शेंगा म्या भाजून दिल्या हुत्या," ती म्हणाली.

दादानं मान हलवली. बाबांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"चूक कुनाची रं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, अगदी हळू.

"ठावं न्हाई, बाबा. देवाशपथ सांगतो, लय हुडकलं. गाडी चांगली हुती. मी जागा हुतो. रस्ता चालू हुता. मला न्हाई सापडलं."

"आमाला वाटायचं, ड्रायव्हर येत न्हाई, म्हंजी कायतरी लपवतोय."

"न्हाई ओ."

"मग इतकं दिस का न्हाई आलास?"

"सांगाया काय न्हवतं म्हून," दादा म्हणाला.

हे ऐकून म्हातारी खाली बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडात धरून. वहिनी उठून तिच्याजवळ गेली. बाबा वाडग्याकडं बघत म्हणाले, "एवढंच येऊन सांगायचं हुतंस की, काय सांगाया न्हाई म्हून. दानं हातावर ठेवलं, ह्ये सांगायचं हुतंस. आमी त्याच्यावरबी जगलो असतो."

दादानं पुढं होऊन त्यांच्या पायाला हात लावला. कुबडीमुळं त्याला नीट वाकता येईना, तेव्हा बाबांनीच त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

त्यांनी आम्हांला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बाजरीच्या भाकरी, हुलग्याचं माडगं आणि कांदा. जेवताना म्हातारी दादाला विचारत राहिली. तिथं थंडी किती असायची, तो अंगात काय घालायचा, जेवण कोण करायचं, त्याला दम लागायचा का. दादा एकेक सांगत होता. काही ठिकाणी हसलाही. त्या पोरानं एकदा साहेबाच्या जीपला शेळी बांधली होती, ती गोष्ट सांगताना बाबाही हसले आणि मग त्यांनी डोळे पुसले.

त्यानंतर घरी सगळं सुरळीत झालं असं म्हणणं खोटं ठरेल. दादाची झोप कधी पुरती सुधारली नाही, आजही पावसाळी सकाळी तो गप्प असतो. पण तो डेअरीत जाऊ लागला. आधी दुधाची नोंद करायला, मग कॉम्प्युटर तिथं नेऊन तिथल्या दोघांना शिकवायला. ट्रकचा गेम तो क्वचित लावायचा. पुढं त्या यंत्राची हार्डडिस्क गेली, मी सांगलीहून दुसरी आणून बसवली, आणि आणखी काही वर्षांनी मदरबोर्डच गेला. तोवर मीही लग्न होऊन साताऱ्याला आले होते. पुढं एका चिपवर दोन कोअर यायला लागले तेव्हा गेमचा तसला दोष मी कितीतरी लोकांना फोनवरून समजावून सांगितला. त्यांना फक्त गेम चालायला हवा असायचा. मी त्यांना टास्क मॅनेजर उघडायला सांगायचे आणि तेवढंच.

दादा दर वर्षी सिद्धनाथाच्या यात्रेला म्हसवडला जातो. बाबा जाऊन बराच काळ झाला. म्हातारी आहे. तिला आता ऐकू कमी येतं, म्हणून दादा तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलतो, आणि ती दर वेळी त्याला तेच विचारते, थंडी किती असायची रं तिथं.